स्तुतीचं खोकं

"असा माणूस हजार वर्षांत एकदाच जन्माला येतो," संस्थेचे अध्यक्ष दिग्विजयराव म्हणाले, आणि माणसाचं नाव पाहायला त्यांनी खिशातून कागद काढला.

"रघुनाथराव..."

"रंगनाथ," कार्यवाह मागून पुटपुटले.

"रंगनाथराव निरगुडकर," दिग्विजयरावांनी मान्य केलं. शोकसभेत अध्यक्षांनी शेवटी बोलायचं असतं. पण त्यांना साडेसहाला खराडीत एक उद्घाटन होतं, म्हणून समारोप आधी उरकण्यात आला.

पहिल्या रांगेत रंगनाथरावांच्या पत्नी यमुनाबाई बसल्या होत्या, शेजारी पुस्तकबांधणी करणारे मकबूलभाई. यमुनाबाईंचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. सातला संस्थेला कुलूप लागणार होतं, आणि खाली तळघरात अकरा खोकी होती.

एकतीस वर्षं रंगनाथराव चिठ्ठ्यांवर मराठी शब्द उतरवत होते. शब्द, अर्थ, आणि तो कोण कुणाला कधी म्हणतं. मकबूलभाईंनी पुठ्ठ्याची खोकी बांधून दिली, वर लेबलं डकवली. शेतीचे. स्वयंपाकाचे. स्तुतीचे. भरलेली खोकी संस्थेच्या तळघरात ठेवली गेली, आणि हे छापावं म्हणून संस्थेकडे नऊ अर्ज गेले. उत्तर एकदाच आलं, गेल्या महिन्यात. तळघराचं नूतनीकरण करायचं आहे, आपली अडगळ पंधरा तारखेपर्यंत हलवावी, नंतर ती रद्दीत जाईल. पत्र आलं त्याच आठवड्यात रंगनाथराव गेले. त्यानंतर यमुनाबाईंनी चार खेपा घातल्या. अध्यक्ष आल्याशिवाय तळघराची किल्ली मिळणार नाही, असं चारही वेळा सांगण्यात आलं. अध्यक्ष आज आले होते. आज पंधरा तारीख होती. किल्ली मकबूलभाईंच्या खिशात होती. फक्त सभा संपेपर्यंत खोकी हलवू नका, आवाज होतो, अशी सूचना होती.

"शब्दांचा कुबेर," दिग्विजयराव म्हणत होते. "भाषेचा भगीरथ. ज्ञानाचा हिमालय."

"वारेमाप," यमुनाबाई हळूच म्हणाल्या. "माणूस माहीत नसला की माप राहत नाही."

मकबूलभाईंनी मान डोलावली. स्तुतीचं खोकं त्यांना पाठ होतं. रंगनाथराव त्यांच्या दुकानात बसूनच चिठ्ठ्या लावायचे.

मग एक विश्वस्त उठले. रंगनाथरावांचं काम आपण फार जवळून पाहिलंय, असं त्यांनी सांगितलं.

"ही वाखाणणी का, वहिनी?" मकबूलभाईंनी विचारलं.

"वाखाणणीला वस्तू बघितलेली असावी लागते. ह्या गृहस्थांनी तळघराचा जिना तरी बघितलाय का?"

शेवटी कार्यवाहांनी माइक घेतला. रंगनाथराव ऋषितुल्य होतेच, पण अशा ऋषींना आश्रय देणारे दिग्विजयरावांसारखे दाते नसते तर हे कार्य झालंच नसतं, असं ते दिग्विजयरावांकडे बघत म्हणाले.

"तोंडपुजेपणा," मकबूलभाई म्हणाले.

"बरोबर."

"आणि आता आनंदाची घोषणा," शोकसभेत कार्यवाह म्हणाले. "आपल्या तळघराचं नूतनीकरण होत आहे. तिथे वातानुकूलित दालन होईल. त्याला अध्यक्षांच्या सूचनेवरून 'शब्दमहर्षी रंगनाथ निरगुडकर स्मृतिदालन' असं नाव देण्यात येणार आहे."

टाळ्या वाजल्या. यमुनाबाईंचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले.

"ह्याला काय म्हणायचं, वहिनी?" मकबूलभाईंनी विचारलं. "खोक्यात काही सापडत नाही मला."

"त्या खोक्यात नाही सापडायचं. शिव्यांचं वेगळं आहे."

"आता वहिनींनी दोन शब्द बोलावेत," कार्यवाह म्हणाले.

मकबूलभाईंनी मोबाइल बघितला आणि यमुनाबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या उठल्या. दिग्विजयरावांनी स्वतः माइक खाली करून दिला.

"रडू आलं तर थांबा हं. घाई नाही."

"नाही येणार," यमुनाबाई म्हणाल्या.

फोटोवाला पुढे सरकला.

"ह्यांनी स्तुतीचे एकशे बारा शब्द जमवले होते. प्रत्येकाखाली लिहून ठेवलंय, कोण करतो, कुणाची करतो आणि कशासाठी करतो. आज त्यातले बरेच ऐकायला मिळाले. शब्द वापरात आहेत म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असतं." त्या दिग्विजयरावांकडे वळल्या. "हयातीत मात्र ह्या संस्थेनं त्यांच्या कामाला एकच शब्द वापरला. अडगळ. लेखी आहे. खाली अध्यक्षांची सही आहे."

दिग्विजयरावांनी कार्यवाहांकडे बघितलं. कार्यवाहांनी हारातल्या फोटोकडे बघितलं.

"वहिनी, अहो, ते ऑफिसच्या भाषेत..." दिग्विजयराव खुर्चीतून अर्धवट उठले. "आपली काय अपेक्षा असेल ती मोकळेपणी सांगा. संस्था तुमचीच आहे."

"सांगते," यमुनाबाई म्हणाल्या. "फाटकात तुमची ती पांढरी मोठी गाडी आडवी लावलीय ना, ती जरा पुढे घ्यायला सांगा. टेम्पो आत येत नाहीये."