छायाची फाईल

सायखेड्याच्या छायाचं पहिलं बाळंतपण पोट चिरून झालं आणि बाळ मेलेलंच निघालं. पुढची चार वर्षं तिला दिवस गेले नाहीत. सासूनं तिला वांझोटी ठरवलं, डोहाळजेवणांना नेणं बंद केलं आणि मुलासाठी, महेशसाठी, दुसरी मुलगी बघायला घेतली.

छाया तपासणीला नाशिकला गेली, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाचे जुने कागद मागितले. बाळंतपण जिथं झालं तो दवाखाना ते देईना. "माझ्या पोटाचे कागद हायेत, ते बघायचा हक्क माझा हाय," म्हणत छाया दोन दिवस तिथल्या बाकावर बसून राहिली. तेव्हा कुठं फाईल मिळाली.

डॉक्टरीणबाई वाचता वाचता थांबल्या.

"तुमची पिशवी फाटली होती. पुन्हा दिवस गेले असते तर तुम्ही वाचला नसतात, म्हणून तेव्हाच नळ्या बांधल्यात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? खाली तुमच्या मिस्टरांची सही आहे."

घरी येऊन छायानं नवऱ्यापुढं कागद धरला.

"तुझा जीव वाचावा म्हणून केली सही," महेश म्हणाला.

"आन् चार वर्षं तुमची आई मला वांझोटी म्हणत होती, तव्हा तुम्ही कुठं होते?"

महेशनं मान खाली घातली.

"तिथंच होतो."