भीतीचा आकडा

वरच्या मजल्यावर धुरात गुरवआजोबा अडकले होते, आणि खाली रेवतीच्या मुखवट्यात हवाच सुरू होईना. हेल्मेट तिची भीती मोजत होतं; आकडा शून्य असला की मुखवट्यात हवा सोडत नसे. ज्याला भीती वाटत नाही त्याने आगीत शिरायचं नाही, हा अग्निशमन दलाचा पहिला नियम होता. असे लोक परत येत नाहीत. इतक्या वर्षांच्या सवयीने रेवतीचा आकडा आज शून्यावर आला होता.

"ताई, घाबरा की!" बंबाचा चालक बाबर ओरडला.

"कशाला घाबरू?"

"तुमच्या पोरीनं, शर्वरीनं, तुमची नवी गाडी नेलीय. घाटात!"

"काय?"

हवा सुरू झाली. रेवती धावली.

आजोबांना पाठीवर घेऊन ती सुखरूप बाहेर आली. "घाटात कशाला तडफडलीय कार्टी?"

"थाप होती, ताई."

रेवतीला हसू आवरेना. "आणि पुढच्या आगीला काय सांगशील?"

"तोवर पोरीला गाडी शिकवतो. मग थाप मारावी लागणार नाही."