मुदतीच्या आत

२०२३ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भरे गावातल्या सगुणाबाई औषधाची रिकामी पुडी चुलीत टाकत होत्या, आणि त्यांची भाडेकरू अनुष्का दारातच थबकली.

"आजी, कालही आजोबांना पुडी दिली होती ना?"

"रोजच देतीय की."

"रोज? अहो, आठवड्याला एक सांगितली होती मी!"

सगुणाबाईंच्या नवऱ्याची, हैबतरावांची हाडं ठिसूळ झाली म्हणून पिरंगुटच्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची भुकटी लिहून दिली होती. अनुष्कानं ती फोनवरून निम्म्या किमतीत मागवली. चांगला मोठा खोका आला. मुदत सरत आलीय म्हणून स्वस्त, असं तिनंच हसत सांगितलं होतं. सगुणाबाईंनी तेवढंच मनात धरलं. आठवड्याला एक दिली तर अर्धा खोका उकिरड्यावर जाणार. त्यांच्या घरात कधी भाताचं शीत वाया गेलं नव्हतं. मग त्या रोज सकाळी पेल्यात भुकटी टाकायच्या, वर दूध ओतायच्या आणि हैबतरावांच्या शेजारी ओसरीवर टेकायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा दिवस असाच उजाडायचा.

"जास्त झाली तर काय व्हतं गं?"

अनुष्का हळूच म्हणाली, "किडनीवर येतं, आजी. जिवावरही बेततं."

सगुणाबाई तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या, तरी घसा कोरडाच. त्या उन्हाळ्यात त्यांची तहान तशीही भागत नव्हती.

पुड्या बंद झाल्या, पण धास्ती काही जाईना. हैबतराव भाताच्या खाचरावर निघाले की या मागोमाग. ते ठसकले तरी यांच्या काळजात चर्र व्हायचं. ते दोन भाकरी खायचे. यांना घास उतरत नव्हता, उतरला तर उलटून पडायचा.

"आवं, पोटात दुखतंय का? खरं सांगा."

"मला काय धाड भरलीय? आरशात बघ जरा. माझ्या आधी तूच जायाची."

"शुभ बोला की!"

अखेर अनुष्कानं दोघांना गाडीत घातलं आणि पिरंगुटला नेलं. हैबतरावांचं रक्त तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत सगुणाबाई भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होत्या. आपल्या हातानं कुंकू पुसलं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

डॉक्टर रिपोर्ट बघून चक्रावले. "जास्त कुठलं? यांच्या अंगात काही गेलेलंच दिसत नाही. पुड्या खोट्या असणार. स्वस्तात घेतल्या होत्या ना?"

"खोट्या व्हय!" सगुणाबाईंना हसू आणि रडू एकदमच फुटलं. "देवच पावला गं बाई!"

अनुष्कानं खोका तिथल्याच कचऱ्यात टाकला. "आता जेवा पोटभर, आजी," ती म्हणाली.

पण सगुणाबाई जेवल्या नाहीत. दिवसभर झोपून असायच्या, काहीबाही बोलायच्या, सारखं पाणी मागायच्या. ज्येष्ठ सरता सरता त्या गेल्या. नवऱ्याच्या धास्तीनं गेली बिचारी, असंच सगळं गाव म्हणालं.

हैबतराव अजून खाचरावर जातात. अनुष्का खोली सोडून हिंजवडीला राहायला गेली. जायच्या दिवशी ती ओसरीवर त्यांच्याशेजारी बसली. त्यांनी चहा प्यायला, आणि घोटभर ठेवून पेला दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे सरकवला.

अनुष्का पेल्याकडे बघतच राहिली. "आजोबा, ती भुकटी... दुधात नीट ढवळून प्यायचात ना?"

"ढवळतंय कोण, पोरी? पांढरा गाळ तळाला बसायचा. आन् तळाचा घोट तर लगीन झाल्यापास्नं तिचाच."