मागणी मान्य

"बोला आता," म्हणत बायकोनं फोन नाहीबुवाच्या तोंडापुढे धरला. नाहीबुवाच्या एका हातात वस्तरा होता आणि दुसऱ्या हातात निवृत्त पोस्टमास्तरांचं नाक.

"काय बोलू?"

"सरकारकडे काय मागायचंय ते. तुम्ही बोला, फोन लिहून घेतो. मग त्यावर लोकांच्या सह्या. सगळं इथल्या इथे!"

गल्लीत त्याला नाहीबुवा म्हणत ते उगाच नाही. आज ऊन आहे म्हटलं, तरी हा आधी "नाही बुवा" म्हणायचा आणि मग बाहेर डोकावायचा. त्यातून हा फोनवरचा अर्ज! "अगं, दारात जाऊन बोंबललं तरी त्यांना ऐकू जात नाही. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं."

पण या खेपेला गाठ पोटाशी होती. दुकानापुढच्या फुटपाथला सलग लोखंडी कठडा येणार होता. म्हणजे पलीकडचं गिऱ्हाईक चौकाला वळसा घालून येणार, आणि त्या वळणावर दुसरं सलून होतंच. तिथले आरसेही मोठे. निम्म्या दुकानात नाहीबुवाची खुर्ची, उरलेल्या निम्म्यात बायकोचं शिवणयंत्र. बुडालं तर दोघांचं एकदमच. तोंडानं काहीही म्हणो, मनातून तो पार घाबरला होता.

त्यानं घसा खाकरला. "सरकारसाहेब, आमच्या दुकानापुढे कठड्यात एक वाट ठेवा, माणूस मावेल एवढी. मास्तर, मान खाली घाला. म्हाताऱ्या माणसांनी एवढा वळसा घालायचा कसा? अहो, हलू नका! आमच्या पोटावर पाय येतो हो. हलू नका म्हटलं ना! आहात तिथेच राहा, नाहीतर कापलं जाईल. आपला नम्र."

बायकोनं बटण दाबलं. अर्ज गेला. वाचला कुणीच नाही. पुढे खुर्चीत जो जो बसला, त्यानं तोंडाला फेस असतानाच सही ठोकली. वस्तरा गळ्याशी असताना नाही कोण म्हणेल?

मुकादम कठड्याचे खांब आणि माणसं घेऊन आला, त्याच सकाळी फोन टिंग झाला. बायको मशीनवरून उठून दारात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागली.

"आपली मागणी मान्य करण्यात येत आहे!" तिचा चेहरा फुलला. मग आवाज बसत गेला. "आपल्या अर्जातील 'हलू नका' आणि 'आहात तिथेच राहा' या मागण्या शासनाने मान्य केल्या असून, संबंधितांनी त्वरित अंमलबजावणी करावी. 'मान खाली घाला' या मागणीवर विचार सुरू आहे."

"झाली शोभा!" नाहीबुवानं कपाळावर हात मारला. "वाटेचं काय?"

"वाटेबद्दल अवाक्षर नाही हो."

पण तिकडे मुकादमानं पहार खाली ठेवली होती. "वहिनी, लेखी आहे हे? बघू." त्यानं दोनदा वाचलं. खालचा क्रमांकही वाचला. मग साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज दुकानात ऐकू आला, "संबंधित म्हणजे आपणच की रे! हलू नका बाबांनो. मीही इथून हलत नाही."

माणसं खांबांवर बसली. आदेश मागे घ्यायचा तर कुणीतरी उठायला हवं, आणि उठायची तर आता मनाई झाली होती. थोड्या वेळानं मुकादम हनुवटी खाजवत आत आला. "बसायचंच आहे, तर दाढी तरी करून टाका."

नाहीबुवानं खुर्ची झटकली. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि मिशीतलं हसू काही लपत नव्हतं.

"आता तरी म्हणा," बायको म्हणाली, "अर्जाचा उपयोग होतो."

"नाही बु..." त्यानं जीभ चावली आणि मुकादमाच्या गालाला फेस लावला. "होतो गं. फक्त सरकारला जमतं तेच मागायला हवं."