प्रार्थना करून सांगतो

गॅरेजवाले दादा प्रभूला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत. नवा सोफा घेताना तर प्रभूने दुकानात उभ्या उभ्याच होकार दिला होता. पण बहिणीचा फोन आला, "दादा, आई जिन्यावरून पडली. आता तुझ्याकडे नेतोस का?" तेव्हा ते म्हणाले, "प्रार्थना करून सांगतो."

मग आठवडाभर गुडघे टेकून ते घरातली अडचण, कामाचा व्याप, बायकोची कंबर, सगळं प्रभूला सविस्तर समजावत राहिले.

"अजून उत्तरच येत नाही गं," ते शेवटी बायकोला म्हणाले.

ती मागच्या खोलीत सासूबाईंसाठी पलंगावर धुतलेली चादर घालत होती.

"कसं येणार? तुम्ही त्याला बोलू कुठे देता! मी नुसतं 'प्रभू' म्हटलं, तर तो म्हणाला, आधी गादी झटक."