सहावं बटण

"दोन तास झाले, काका," दमयंतीनं घड्याळ बघितलं. "अजून ड्रॉईंगमधलं टाकीचं झाकण व्हायचंय."

"व्हईल गो, घाई कशाला," आत्माराम तांबे म्हणाले आणि एक बोट कीबोर्डवर धरून पुढची कळ शोधायला लागले. अंगणात पडलेली सुई शोधावी तसं ते बोट फिरत होतं.

शेवटी त्यांनी हात मागे घेतला. "चष्मा घरी रवला माजा."

चष्मा रोजच घरी राहायचा. दमयंतीनं वहीत लिहिलं: नेहमीचा माऊस, काम अपुरं.

चिपळूणजवळच्या लोटे गावातल्या त्या रसायन कारखान्यात कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. एकोणनव्वद साली त्याच्या जोडीला सहा बटणांचा एक माऊस आला. त्याच्या प्रत्येक बटणाला एकेक हुकूम शिकवून ठेवता यायचा. मग रेघेसाठी, वर्तुळासाठी कीबोर्डवर इंग्रजी हुकूम टाईप करायला नको, बटण दाबलं की झालं. या बटणांनी काम खरंच लवकर होतं का, ते मोजून कळवा, असं हेड ऑफिसचं पत्र होतं.

मोजायचं काम दमयंतीकडे आलं. चिपळूणची पोर, पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आलेली. मोजायला माणसं दोनच, ती स्वतः आणि काका.

काका सव्वीस वर्षं ट्रेसर होते. ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉईंग पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचं, हे त्यांचं काम. हात असा, की इंग्रजी अक्षरं स्टेन्सिल न लावता काढायचे आणि ती छापल्यासारखी दिसायची. स्वभाव मात्र फार आज्ञाधारक. एकदा ड्राफ्ट्समननं मजकुराच्या चिठ्ठीत खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'हे साहेबांना विचारून घेणे'. काकांनी तेही ड्रॉईंगवर सुबक उतरवलं. ऑफिस आठवडाभर हसलं. काकाही हसले.

आता ट्रेसिंगचं टेबल महिनाअखेर बंद होणार होतं. कॉम्प्युटर जमला तर आत्माराम इथे, नाही तर गोदामात पोत्यांना चिठ्ठ्या बांधायला, असं ड्रॉईंग ऑफिसच्या खातू साहेबांनी सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून काका डबा अर्धाच खात. दमयंतीला ते बघवत नव्हतं.

तिनं आधी स्वतःचं काम मोजलं. तीच टाकी काढायला नेहमीच्या माऊसनं चाळीस मिनिटं, बटणांच्या माऊसनं अडतीस.

"दोन मिनिटं!" खातू साहेब म्हणाले. "दोन मिनिटांत चहासुद्धा निवत नाही. फायदा नाही म्हणून कळवून टाकू."

"काकांचं बटणांनी मोजायचं राहिलंय, साहेब."

"त्याचं काय मोजतेस? त्याला कीबोर्डच दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं चिकटपट्टीचे चिमुकले तुकडे कापले आणि त्यांवर शाईनं चित्रं काढली. रेघ, वर्तुळ, तोडायला कात्री, पुसायला झाडू, मोठं करून बघायला भिंग. पाच बटणांवर पाच चित्रं चिकटवली. सहावं कोरं ठेवलं.

"बालवाडी काढलीस काय?" साहेबांनी जाता जाता टोमणा मारला.

"चष्म्याची अडचण आहे ना काकांची," ती म्हणाली. "चित्रं दिसतील त्यांना."

काकांनी एकेका चित्रावरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. एवढ्याशा गोष्टीसाठी म्हातारा रडतो काय, असं दमयंतीला वाटलं आणि तिलाही गलबलून आलं.

चार दिवस सराव झाला. मापाचे आकडे तेवढे कीबोर्डवरून द्यावे लागत. ते काका झपाझप देत. पाचव्या दिवशी दमयंतीनं घड्याळ लावलं. कात्री, झाडू, वर्तुळ, रेघ. काकांच्या हाताला सव्वीस वर्षांची सवय पुन्हा सापडली. मध्येच ते थांबले.

"बाय, तुज्या मूळ ड्रॉईंगात हा भोक अर्धा मिलिमीटर सरकलाय."

तिनं माप लावलं. सरकलं होतं खरं.

पंचेचाळीस मिनिटांत टाकी झाकणासकट उभी राहिली. खातू साहेबांनी ती दोनदा तपासली.

"मग हेड ऑफिसला काय कळवू? फायदा आहे की नाही?"

"मला नाही, काकांना आहे, असं लिहा."

साहेब हसले. "उद्यापासून इथेच बसा, आत्माराम. गोदाम राहू दे."

काकांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "घरी सगुना वाट बघत असंल," म्हणत ते बायकोला बातमी द्यायला उठले. बस सुटायला दहा मिनिटं होती. पण दमयंतीनं त्यांना बाही धरून परत बसवलं. तिचं गुपित राहिलं होतं.

ड्रॉईंगच्या कोपऱ्यात, काढणाऱ्याच्या नावाची चौकट अजून रिकामी होती. त्या चौकटीत सव्वीस वर्षं काकांनी दुसऱ्यांची नावं घातली होती. ट्रेसरचं नाव कुणी टाकत नसे.

"चष्मा आज तरी आणलात का?"

"हाय की," काका म्हणाले. आनंदात त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"आता सहावं बटण दाबा."

त्यांनी दाबलं. चौकटीत एका ओळीत ठळक इंग्रजी अक्षरं उमटली: आत्माराम भिवा तांबे.

त्यांचा चेहरा बघायला दमयंती बाजूला सरकून उभी राहिली. काका पडद्याशी वाकले. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत त्यांनी काचेवरून सावकाश बोट फिरवलं, मान डोलावली आणि कौतुकानं तिच्याकडे वळले.

"झ्याक बसलीत गो अक्षरां. कोनाचा नाव ह्या?"