कोणी वापरतं का?

"ॲक्टिव्हएक्सचे जुने कंपोनंट अजून कोणी वापरतं का?" मीटिंगमध्ये नव्या मॅनेजर मॅडमनी विचारलं.

सगळ्यांत मोठ्याने हसले ते ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर टिपणीस. उमेदीची वर्षं सॉफ्टवेअरचे हे कालबाह्य सुटे भाग लिहिण्यातच घातली होती, पण म्हातारं दिसायचं कोणाला असतं! "छे, संग्रहालयात ठेवा ते!" म्हणत त्यांनी सर्व्हरवरचा शेवटचा कंपोनंट ऐटीत उडवला.

दुपारी कॅन्टीनचं दार कोणाच्याच कार्डाने उघडेना. डबे आत, ऑफिस बाहेर. दाराचा प्रोग्रॅम त्याच कंपोनंटवर चालायचा, आणि लिहिला होता टिपणीसांनीच.

किल्ल्यांच्या जुडग्यातला पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून त्यांनी निमूटपणे कंपोनंट परत चढवला. दार उघडलं.

"हे खिशात घेऊन हिंडता?" मॅडम थक्क झाल्या.

"संग्रहालय म्हणजे मीच, मॅडम," मान खाली घालून टिपणीस म्हणाले. वर पाहिलं, तर मॅडमसकट सगळे डब्यांवर तुटून पडले होते.